रोज चार लिटर पाणी प्यायलं की वजन खरंच उतरतं का?

प्राजक्ता_बाणेर
नमस्कार मंडळी, एक शंका आहे, हसू नका. वय ३३, आयटीत आहे, दिवसभर खुर्चीत आणि उरलेला वेळ हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. वजन वाढत चाललंय. जिममधला ट्रेनर म्हणतो रोज ४ लिटर पाणी प्या, चरबी फ्लश होते. ऑफिसातली मैत्रीण सकाळी गरम पाणी-लिंबू-मध घेते, तिचे म्हणे पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले. आणि सासूबाई म्हणतात जेवताना पाण्याला हात लावू नकोस, अन्न पचत नाही. मी नेमकं कुणाचं ऐकू? ४ लिटर प्यायचं तर दर मीटिंगमधून उठावं लागतं ते वेगळंच. यात खरंच काही शास्त्र आहे का?

लकडीपुलाअलीकडचा
पाण्याने वजन उतरत असतं तर खडकवासल्याच्या काठावर सगळे काडीपैलवान दिसले असते. तिथे तर लोक कांदाभजीच्या प्लेटा घेऊन बसलेले असतात. ताई, आधी दिवसाचे चहा मोजा, मग लिटर.

मृण्मयी_एस
वरच्या काकांचा टोमणा बरोबर जागी लागलाय 😄 मी न्यूट्रिशन शिकलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चरबी फ्लश वगैरे काही होत नसतं. चरबी पाण्यात विरघळत नाही आणि लघवीतूनही जात नाही, ती शरीरात जळते आणि तिचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. गार पाणी गरम करायला शरीराला कॅलरी लागतात हे खरंय, पण हिशोब करून बघ, फ्रीजमधलं अर्धा लिटर पाणी शरीराच्या तापमानाला आणायला जेमतेम १५-१६ कॅलरी, म्हणजे एक मारी बिस्किटसुद्धा भरून निघत नाही.

पण पाण्याचा उपयोग शून्य असंही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता, ५५ ते ७५ वयाचे ४८ जण, सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, त्यातल्या अर्ध्यांना तिन्ही जेवणांआधी अर्धा लिटर पाणी. १२ आठवड्यांनी पाणीवाल्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा साधारण २ किलो जास्त उतरलं. पोट आधीच थोडं भरलेलं असलं की माणूस कमी जेवतो, एवढंच. आता गंमत बघ, त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात तरुण मंडळींवर असा परिणाम दिसलाच नव्हता, पाणी पिऊनही ती तेवढीच जेवली. त्यामुळे तुझ्या वयाला यावर फार भिस्त ठेवू नकोस, करून बघायला मात्र हरकत नाही.

खरा फायदा होतो तो पाणी कशाच्या ऐवजी पितेस त्यात. टपरीवरच्या चहात दोन चमचे साखर धरली तर ४० कॅलरी साखरेच्याच झाल्या, दूध वेगळं, आणि आपल्याकडे दुपारी चार वाजता एकावर कोण थांबतं. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती बाटली सुटली तर कुठल्याही डिटॉक्स वॉटरपेक्षा जास्त काम होईल.

मैत्रिणीचे दोन किलो बहुतेक पाणीच गेलं असेल. खाणं कमी केलं की साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साखरेची साठवण, संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं, जेवण पूर्वीसारखं झालं की काटाही परत येतो. आणि मधाच्या एका मोठ्या चमच्यात ६०-६५ कॅलरी असतात हे तिला हळूच सांग.

सासूबाईंचं म्हणशील तर निरोगी माणसाचं पचन जेवताना ग्लासभर पाण्याने बिघडत नाही. पण यावरून घरात वाद घालू नकोस, जेवणाआधी अर्धा तास पी, त्याही खूश.

टेकडीवर_धावणारा
एक धोक्याची गोष्ट सांगतो, आमच्या रनिंग ग्रुपमध्ये नव्या लोकांना कायम सांगावी लागते. जबरदस्तीने ढसाढसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यातही शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, त्यांनाच जास्त धोका. दिवसभरात विभागून प्यायलं तर सहसा काही होत नाही, पण एका बैठकीत दोन-तीन लिटरचे चॅलेंज वगैरे करू नका प्लीज. आणि घरात कुणाला किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर त्यांचं पाणी डॉक्टरच ठरवणार, ट्रेनर नाही.

प्राजक्ता_बाणेर
थँक्यू सगळ्यांना! मृण्मयी, मग दिवसाला किती प्यायचं ते तरी सांग. आणि ताक चालेल का? पाणी नुसतं पाणी म्हणून घशाखाली उतरत नाही गं.

मृण्मयी_एस
युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचा बायकांसाठीचा आकडा २ लिटर आहे, तोही आमटी, फळं, चहा सगळं धरून. आपल्या एप्रिल-मेमध्ये किंवा व्यायामाच्या दिवशी अर्थातच जास्त लागेल. तहान लागली की पी आणि लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पुरे. ताक पातळ कर, साखर नको, मीठ बेताचं. मसाला ताकाचे विकतचे पाऊच घेणार असशील तर मागे सोडियम किती लिहिलंय ते वाच.

लकडीपुलाअलीकडचा
आणि मस्तानीला पातळ पदार्थात धरू नका.