‘सेल्फ-कॉन्शसनेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फेनिगस्टाइन, शायर आणि बस या मानसशास्त्रज्ञांची १९७५ ची ‘सेल्फ-कॉन्शसनेस’ मोजणारी श्रेणी (प्रश्नावली) मराठीत आणायची आहे. ‘सेल्फ-कॉन्शसनेस’ला ‘आत्मभान’ चालेल का?

– मथळ्यात चालेल, विधानांत नको. २३ विधानांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत: १० स्वतःच्या मनात डोकावण्याबद्दल, ७ लोकांना आपण कसे दिसतो याबद्दल, ६ चारचौघांत बुजण्याबद्दल. अनुक्रमे ‘आत्मभान’, ‘लोकनजरेचं भान’ आणि सरळ ‘बुजरेपणा’ म्हणा. ‘संकोच’ टाळा. मदत मागताना वाटतो तोही संकोचच, आणि तो सभ्यपणात मोडतो.

– खरी गोम उलट्या विधानांत आहे, म्हणजे ज्यांना ‘हो’ म्हटलं की गुण कमी होतात अशा. ‘मला सहसा स्वतःचं फारसं भान नसतं’ हे घ्या. प्रत्येक उत्तराला ०–४ गुण, म्हणून इथले गुण ४ मधून वजा होतात. पण हे वाचून एकाला दारू आठवणार, दुसऱ्याला भजनात हरपलेलं देहभान. ‘आत्मभाना’च्या उरलेल्या नऊ विधानांशी याचा मेळ बसत नाही, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) घसरतो. उलट-अनुवादात (मराठी पुन्हा इंग्रजीत आणून ताडताना) मात्र ‘भान’चं ‘अवेअरनेस’ होऊन सगळं आलबेल दिसतं! म्हणून त्यानंतर काही जणांना एकेक विधान वाचायला देऊन ‘यातून काय समजलात?’ असं विचाराच. माझा पर्याय: ‘माझ्या मनात काय चाललंय याकडे माझं सहसा लक्ष नसतं.’

– आणि दुहेरी नकार? ‘अनोळखी माणसांशी बोलणं मला अवघड जात नाही’ यापुढे ‘अजिबात लागू नाही’ अशी खूण केली, तर अवघड जातं की नाही, हे उत्तर देणाराच विसरतो. ‘अनोळखी माणसांशी मला सहज बोलता येतं’ असं करा. गुण उलटेच मोजायचे, फक्त ‘नाही’ गेला. ‘बोलतो/बोलते’ची तिरकी रेघही टळते.

प्रश्न : मग मराठी सरासरी अमेरिकी सरासरीशी ताडून पाहता येईल?

– लगेच नाही. माणूस स्वतःला जोखतो ते आसपासच्यांशी तुलना करून. जिथे सगळेच लोकलाजेला जपतात, तिथे स्वतःला ‘मध्यम’ म्हणणाराही पुष्कळ जपत असतो. आधी घटकरचना (कुठली विधानं एका गटात पडतात), मग घटकभार (विधान त्या गटाशी किती घट्ट जोडलेलं आहे), मग आंतरछेद (गुणधर्म सारखाच असताना विधानाला मिळणारे गुण) दोन्हीकडे समान निघतात का ते तपासा. भार जुळले पण आंतरछेद नाहीत, तर सहसंबंधांची तुलना करा, सरासरींची नको.

– नमुना महाविद्यालयाबाहेरचा असेल, तर शायर-कार्व्हर यांची १९८५ ची सोप्या भाषेतली आवृत्ती घ्या. तिच्यात २२ विधानं, प्रत्येक उत्तराला ०–३ गुण. तिथे वजाबाकी ३ मधून.