जादुई वास्तववाद म्हणजे नेमकं काय राजेहो?

वणीकडचा_कास्तकार
एमएच्या अभ्यासाले हा विषय आला अन् मी पार गोंधळलो. मायी आजी तुरी पाखडता पाखडता सांगते का तिची सासू गेली त्या रात्री विहिरीचं पाणी वर चढलं, आंगणात आलं, दारात थांबलं अन् परत गेलं. अन् त्याच दमात पुढं, मंगळवार होता, वेचाले बाया मिळाल्या नाही, पऱ्हाटी तशीच फुटून होती. मंग हे बी तेच का भुताची गोष्ट? अन् चित्रातला कसा असते? नेटवर पाह्यले तर टेबल, निवडुंगाची कुंडी, खिडकी, बस. जादू कुठी हाये त्यात?

रंगाचा_डबा
जादू दिसली नाही ना, तीच तर गोम आहे. शब्द मुळात चित्रांचाच. फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकानं १९२५ला वापरला, एक्स्प्रेशनिझमची, म्हणजे भावना भडकपणे मांडणाऱ्या चित्रशैलीची, आरडाओरड संपल्यावर काही चित्रकार थंड डोक्यानं, अगदी कोरून काढल्यासारख्या साध्या वस्तू रंगवायला लागले त्यांच्यासाठी. कुंडीकडे इतकं टक लावून पाहायचं की तीच अनोळखी वाटायला लागते. त्याच वर्षी मॅनहाइमला 'नवी वस्तुनिष्ठता' नावानं प्रदर्शन भरलं आणि चित्रकलेत तेच नाव चिकटलं. रोहचं लिखाण १९२७ला स्पॅनिशमध्ये आलं, तिथून शब्द लॅटिन अमेरिकेत गेला आणि कादंबऱ्यांचा झाला. अर्थ मात्र वाटेत बराच बदलला.

उन्हाळी_तीळ
वरच्याला जोड. क्यूबाचा कादंबरीकार कार्पेन्तिएर यानं १९४९ला म्हटलं की आमच्याकडं अद्भुत बनवावं लागत नाही, हैतीत ते रोजचंच आहे. म्हणजे युरोपातल्या सर्रिअलिस्टांना, म्हणजे स्वप्नासारखं अद्भुत मुद्दाम घडवणाऱ्या कलावंतांना, टोमणाच, मला तो थोडा जास्तच वाटतो, पण असो.
आता तुझी आजी. भुताच्या गोष्टीत सांगणारा आवाज खाली आणतो, तुम्ही घाबरावं म्हणून. जादुई वास्तववादात कुणी दचकतच नाही. कोलंबियाचा कादंबरीकार मार्केझ, त्याची आजीपण म्हणे चेहरा न हलवता वाट्टेल ते सांगायची. त्याच्या कादंबरीतली रेमेडिओस नावाची मुलगी आकाशात जाते ना, ते लिहिणं त्याला जमेना, मग वाऱ्यात चादरी वाळत घालताना झगडणारी बाई दिसली आणि त्यानं रेमेडिओसला चादरींसकट वर पाठवलं. तुझ्या गोष्टीत चादरीचं काम मंगळवार आणि पऱ्हाटी करतात. ते काढलंस तर नुसतं भूत उरेल.

वणीकडचा_कास्तकार
हे वाचून आजीले इचारलं, पाणी दारात काहून आलं वं? सुपातून मान वर न काढता म्हणे, "काहून म्हंजे? मरताना तिले पाणी पाजाचं राह्यलं होतं ना."