प्रतिसाद : पीटर जेनिंग्ज, डेना रीव्ह आणि आपला निवाडा
‘सिगारेट ओढणाऱ्याच्या मरणाची एवढी हळहळ कशाला’ हा पीटर जेनिंग्ज यांच्या निधनाबद्दल काहींनी लावलेला सूर मला पटत नाही. अमेरिकेतील एबीसी वाहिनीचे वृत्तनिवेदक पीटर जेनिंग्ज यांनी ५ एप्रिल २००५ रोजी, बसलेल्या, खरखरीत आवाजात आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याची बातमी प्रेक्षकांना स्वतःच सांगितली आणि सुमारे वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या काळात आपण दुबळे पडून पुन्हा ओढली, ही कबुलीही तेव्हाच दिली. ७ ऑगस्टला ते गेले. त्या प्रामाणिक कबुलीचाच आधार घेऊन त्यांना दोषी ठरवणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

दोनच दिवसांनी अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या पत्नी डेना यांनी आपल्यालाही फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. त्या धूम्रपान करत नव्हत्या. ६ मार्च २००६ रोजी, अवघ्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इथे बोट कोणाकडे दाखवणार? अमेरिकेत या कर्करोगाच्या साधारण १० ते २० टक्के रुग्णांनी धूम्रपान केलेलेच नसते किंवा अगदी नगण्य केलेले असते, आणि जमिनीतून घरात झिरपून तळघरात साचणारा किरणोत्सारी रेडॉन वायू हे तिथे धूम्रपानाखालोखालचे कारण मानले जाते. शिवाय फुप्फुसाच्या आत वेदना जाणवत नसल्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत अनेकदा पत्ताच लागत नाही.

अभिनेते यूल ब्रिनर १९८५मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेल्यानंतर त्यांच्याच तोंडचा ‘धूम्रपान करू नका’ हा इशारा दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, हे खरे. पण तो त्यांनी स्वेच्छेने दिलेला होता; इतरांनी त्यांच्यावर लादलेला निवाडा नव्हता.