कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) तात्पुरत्या यादीत ओबीसीऐवजी ओपन दिसतंय, दाद कुठे मागायची?

कराडकर: भाच्याने इंजिनिअरिंगच्या कॅपला ओबीसीतून फॉर्म भरला. ई-स्क्रूटिनी (कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी) होऊन पावतीही आली. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत मात्र प्रवर्ग ओपन. जातीचा दाखला आणि जात वैधता, दोन्ही अपलोड आहेत. सीईटी सेलला (ही प्रवेश प्रक्रिया राबवणारं राज्याचं कार्यालय) ईमेल करू की मुंबईला जाऊन अर्ज देऊ?

कागदोपत्री: दोन्ही नको. तात्पुरती आणि अंतिम यादी यांच्या मधल्या दोन-तीन दिवसांत विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्येच ग्रीव्हन्स (तक्रार नोंदवायची सोय) उघडी असते. खरं अपील तेच, पुढचं सगळं ठिगळ. आधी पावतीत कागदपत्रांची यादी नीट वाचा. तुम्ही दोन दाखले सांगितलेत, नॉन-क्रिमीलेअरचं (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) काय? एससी-एसटी सोडून बाकी मागास प्रवर्गांना ते लागतंच, आणि तेही प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत वैध. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. दाखला कधी दिला ती तारीख बघू नका, कधीपर्यंत चालतो ती बघा.

कराडकर: घोळ तिथेच आहे, जुना दाखला मार्चमध्ये संपलाय. नव्यासाठी सेतूत अर्ज टाकलाय, प्रांत ऑफिसात सहीला अडकलाय.

नियमावली_वाचा: मग अर्जाची पावती जोडा, तपासणीच्या टप्प्यावर ती चालते. फक्त पावती नॉन-क्रिमीलेअरचीच आहे ना ते बघा. आधी तहसीलमधून तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, त्याचीच पावती लोक जोडून मोकळे होतात आणि फॉर्म परत येतो. पावती विद्यार्थ्याच्या नावाची हवी, वडिलांच्या नाही.

ग्रीव्हन्समध्ये दोन ओळी पुरे: कुठली नोंद चुकली, कोणता कागद जोडला. ‘मुलाचं वर्ष वाया जाईल’ वगैरे लिहून काही होत नाही, समोरचा माणूस फक्त नोंद आणि कागद ताडून बघतो. फॉर्म एडिटला परत आला की दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा; इथेच बरेच जण अर्ध्यावर थांबतात. शेवटी नवी पावती काढून प्रवर्ग तपासा.

आणि मूळ दाखला वेळापत्रकातल्या तारखेच्या आत द्यायचाच. नाहीतर पुन्हा ओपन, आणि राखीव जागा मिळालेली असली तर तीही जाते. शासन कधीकधी मुदतवाढ देतं, पण त्या भरवशावर राहू नका.

प्रांजळ_मत: ग्रीव्हन्सची मुदत हुकली तरी मुलगा प्रक्रियेबाहेर जात नाही. ओपनच्या क्रमांकावर कॉलेजांचे पर्याय भरायचे. आरक्षण आणि फीसवलत तेवढी गेली. जागा मिळाल्यावर लॉगिनमध्ये स्वतःच पडताळणी करायची असते. तिथे चुकीचा दावा डोळे झाकून मान्य करू नका, कॉलेजात मूळ कागद बघतील तेव्हा प्रवेशच रद्द होईल.

कराडकर: आणि खासगी कॉलेजने संस्थास्तरावरच्या (कॉलेज स्वतः भरतं त्या) जागेला नाही म्हटलं तर?

नियमावली_वाचा: ती वाट वेगळी. त्या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या असतात. तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला घेतलं असेल तर २०१५ च्या कायद्याखालच्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. सोबत अर्जाची पोच आणि कॉलेजची गुणवत्ता यादी जोडा. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. अर्ज केल्याचा पुरावा नसला तर ‘हा विद्यार्थी आमच्याकडे आलाच नाही’ असं कॉलेज सांगतं.