सीपीआरचं कार्ड दोन वर्षांचं, पण मधल्या काळात हात तयार कसा ठेवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागातल्या सिस्टर आणि टेक्निशियनच्या सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याच्या) फेरप्रमाणनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे सीपीआर ज्यात येतं त्या प्रशिक्षणाचं) कार्ड २ वर्षं चालतं, कौशल्य मात्र तेवढं टिकत नाही. सराव नसेल तर ३ ते ६ महिन्यांतच घसरण दिसू लागते.

छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडी विचारलं तर सगळे घडाघडा सांगतात. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) मात्र थोड्याच वेळात दाब उथळ होतो आणि दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. लेखी परीक्षेत हे कळणार कसं? मला तर हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते.

म्हणून दर तीन महिन्यांनी, वॉर्डातच, दहा मिनिटांचा सराव घ्यायचा विचार आहे. कोणी असं चालवलंय का? रात्रपाळीवाल्यांना कधी गाठता? वेगासाठी मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं साधन) पुरतो, पण फीडबॅक देणारं मॅनिकिन नसेल तर खोली कशी तपासता?

आणि खरी अडचण म्हणजे अनुभवी सीनियर सिस्टर कमी पडल्या तर काय करावं? सूट द्यायची नाही हे नक्की. पण चारचौघांत त्यांचा मान दुखावला तर पुढच्या वेळी त्या येणारच नाहीत. तुमच्याकडे हे कसं हाताळतात, जरा सविस्तर सांगाल का?