बायच्या बाप्तिस्म्याबद्दल, घरच्या ग्रुपवर

फोंड्याचे काका: बायने कॅम्पमध्ये प्रभूला स्वीकारलं आणि आता बाप्तिस्मा घ्यायचा म्हणते, हे आज कळलं. मला फार लागलंय. आपली देवी कुंकळ्ळीहून फातर्प्याला का न्यावी लागली, हे या घरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. पोर्तुगिजांनी देवळं पाडली, 1583 साली गाव बंड करून उठलं, मग बोलणी करायला म्हणून गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. एवढं सोसून ज्यांनी देव राखला, त्यांच्या घरची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत देव बदलून येते?

पर्वरीची काकी: कोणी भुरळ तर घातली नाही ना पोरीला? पैशाचं, नोकरीचं काही आमिष?

बायचे बाबा: आमिष नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर गेली. कॅम्प ख्रिस्ती आहे हे तिने आधीच सांगितलं होतं, फी मीच भरली. तिची आई मात्र धड जेवत नाही.

काका: मग घराच्या कागदांवर तिचं नाव ठेवायचं की नाही, तेही बघून घ्या.

वास्कोचा दादा: काका, वकील म्हणून सांगतो, तो विषय इथेच सोडा. आपल्या गोव्यात वारसाचा कायदा सगळ्या धर्मांना एकच. आईबापांच्या निम्म्या मालमत्तेवर मुलांचा राखीव हक्क असतो, धर्म बदलला म्हणून तो जात नाही. आणि बाय सज्ञान आहे. घटनेच्या 25 व्या कलमाने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य तिला दिलंय. त्याच कलमावर 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. म्हणजे निर्णय तिचाच हवा. कॅम्पवाल्यांचा नको आणि आपलाही नको.

मडगावची आत्या: मी लांब लिहितेय, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

हा कॅम्प आपल्या शेजारच्या इगर्जीचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, नाही. कॅथलिक नसलेल्या ज्या ख्रिस्ती मंडळींना इथे बिलिव्हर म्हणतात त्यांचा आहे. कॅथलिकांकडे मोठ्या माणसाला असा लगेच बाप्तिस्मा देत नाहीत. आधी शिकवण, प्रार्थना, बरेच महिने पारख, आणि मग बहुतेक ईस्टरच्या आदल्या रात्री. गोव्यात कॅथलिक घरातलं पोर बिलिव्हर झालं तर त्याचे आईबापही असेच रडतात. माझ्या शाळेतल्या एका टीचरचा मुलगा असाच तिकडे गेला, ती स्टाफरूममध्ये बसून रडायची. तेव्हा हे हिंदू विरुद्ध किरिस्तांव असं करू नका.

आता त्या कॅम्पबद्दल. दिवसभर पोरं एकत्र, मोबाईल बाजूला, झोप कमी. गटात बसून कोणाला न सांगितलेलं बोलायचं. शेवटच्या रात्री शेकोटी, गिटार, गाणी. कोणीतरी उठून साक्ष देतो, मी कसा मोडून पडलो होतो, प्रभूने कसं उभं केलं. मग विचारतात, आज कोण पुढे येणार? आतमध्ये जे साठलेलं असतं ते त्या वेळी बाहेर येतं. ते खोटं असतं असं मी म्हणणार नाही. सप्त्याला रात्रभर भजन करताना कोणाच्या डोळ्यांना धारा लागल्या तर आपण त्याला भाग्यवान म्हणतो. मग बायच्या रडण्याला भुरळ का म्हणायचं? पण त्या रात्रीचा उमाळा जन्मभर टिकणारा आहे की नाही, हे त्या रात्री कोणालाच कळत नसतं. तिथल्या पास्टरलाही नाही. म्हणून इतक्या घाईने तारीख धरली जाते याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

भाऊ, तू 1583 काढलंस. तेव्हा देव तलवारीच्या धाकाने हिरावले. इथे धाक कुठे आहे? कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग पुन्हा एकत्र नांदल्या आणि पुढे आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अभंग सोडला नाही, त्यातूनच ख्रिस्त गायला. आणि लांब कशाला जायचं? आपली देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या निघतात. त्यात गावचे ख्रिस्ती गावकरीही असतात. त्यांना तू हात जोडून भेटतोस, घरच्या पोरीचं तोंड बघणार नाहीस?

बाय, तुझ्याकडे एवढंच मागणं आहे. वर्षभर थांब. खरं असेल तर वर्षाने कमी होणार नाही.

बाय: सगळं वाचलं. आत्या, तू ते खोटं म्हणाली नाहीस, त्यासाठी खूप बरं वाटलं. आजी गेल्यापासून मला रात्री झोप लागत नव्हती. कोणाला सांगितलं नाही, कारण आई स्वतःच खचलेली होती. तिथे एका ताईने नुसतं विचारलं, तुझं काय दुखतंय? मी बोलले आणि त्या रात्री झोपले. पुढची प्रार्थना मी स्वतः केली, कोणी करून घेतली नाही. वर्षाचं वचन मी देत नाही. दिलं आणि मोडलं तर ते खोटं होईल. पण गणपतीच्या चवथीच्या आधी बाप्तिस्मा घेणार नाही आणि तुम्हाला न सांगता तर कधीच नाही. काका, चवथीला मी आलेलं चालेल का? आरतीला हात जोडायचे की नाही, मला अजून कळत नाही.

काकी: पोरी, तू आधी जेवायला ये. आईला आज फोन कर.

काका: गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधायला तूच लागतेस, वर चढून सुपारी-कांगलां कोण बांधणार? आरतीच्या वेळी काय करायचं ते तू ठरव, मी काही बोलणार नाही. बाप्तिस्म्याला मात्र मी येणार नाही, हे आताच सांगतो. ते मला जमणार नाही.

बाय: ठीक आहे काका.

आत्या: बाय, त्या पास्टरचा नंबर दे. मला त्यांना भेटून बोलायचंय. भांडायला जाणार नाही. पुढे काय शिकवतात, केव्हा बाप्तिस्मा देतात, घरच्यांना विचारतात का, एवढंच. दादा, तू चल बरोबर.

दादा: रविवारी दुपारनंतर मोकळा आहे.

बायचे बाबा: मीही येतो.