मदत हवी आहे: १९४८ च्या शेव्हरोलेला एअर सस्पेन्शन, चासी न कापता (टॉर्क ट्यूबवाल्यांनी जरूर वाचा)

जुनीशेड_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझे आजोबा इथल्या एका मिलमालकांकडे ड्रायव्हर होते. मिल बंद पडली तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांनी चालवत असलेली १९४८ ची शेव्हरोले फ्लीटमास्टर घरी आणली. वडिलांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये जपली, आणि गेली चार वर्षं मी तिची स्ट्रीट रॉड (रस्त्यावर चालवायची, बदल केलेली जुनी गाडी) करतोय. सहा सिलिंडरचं इंजिन मूळचंच आहे, बॉडीला कुठेही कटर लावलेला नाही. उभी असताना गाडी जमिनीलगत बसावी आणि होटगी रोडच्या गतिरोधकांवर पोट न घासता वर यावी, एवढ्यासाठी एअर सस्पेन्शन हवंय.

पुढचं काम जमलं. कॉइल स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी बलून बसवले, ब्रॅकेट सगळे नट-बोल्टचे. ८० पाउंडाच्या आसपास हवा भरली की गाडी छान उभी राहते. शॉकअप वेगळे ठेवलेत, कारण बलून वजन पेलतो, उसळी थांबवत नाही.

घोडं अडलंय ते मागे. मेस्त्री म्हणतात, पाटे (कमानी) काढून टाकू, फोर-लिंक (अ‍ॅक्सल धरणाऱ्या चार दांड्या) लावू, "सगळे हेच करतात, काय होत नाही वो". हात सोन्याचा आहे त्यांचा, पण इथे माझं मन तयार होत नाही. या गाडीत गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही, तो टॉर्क ट्यूबच्या आत फिरतो. ट्यूब मागे अ‍ॅक्सलच्या हौसिंगला घट्ट बोल्ट केलेली आणि पुढे गिअरबॉक्सच्या मागच्या एकाच गोळ्यावर झुलणारी. म्हणजे अख्खा मागचा अ‍ॅक्सल त्या एका बिंदूभोवती वरखाली होतो. फोर-लिंकच्या दांड्या मात्र आपापल्या पिनांभोवती फिरणार. शेडच्या फरशीवर खडूने दोन्ही चाली काढून पाहिल्या. अ‍ॅक्सल ४ इंच उचलला की दोन खुणांत बोटभर फरक पडतो. मग ताण कोण खाणार, बुश की तो गोळा?

मध्यंतरी पाटे तसेच ठेवून वर बलून लावून पाहिले होते. डावा बलून सायलेन्सरच्या पाइपाजवळ आला. मे महिन्यात तुळजापूर रोडला रबर भाजून फाटलं, गाडी एका अंगावर बसली आणि टायर मडगार्डला घासायला लागला. आत वडील होते. तेव्हापासून रबरी स्टॉपरशिवाय आणि पाइपापासून लांब जागा मिळाल्याशिवाय काहीही बसवायचं नाही, असं ठरवलंय.

वजनकाट्यावर पुढचा अ‍ॅक्सल ७९० किलो, मागचा ६८०. टॉर्क ट्यूब ठेवून मागे बलून लावलेत का कुणी? पाटे पूर्ण काढले तर अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड पुरेल का? आणि गाडीची वायरिंग ६ व्होल्टची आहे, कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा. त्याचं काय करावं?

चासी कापायची नाही, यामागे आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा लागतो. तो नंबर मला आजोबांसाठी हवाय. म्हणून लावलेलं सगळं एका दिवसात काढून गाडी मूळ रूपात आणता आली पाहिजे.

कमानपाटे

दादा, खडूने काढलंत ते बरोबर आहे. टॉर्क ट्यूबला समांतर फोर-लिंक लावू नका, अडकणार. मी बसच्या बलूनचं काम करतो, लहान गाड्यांचंही केलंय. पाटे पूर्ण काढू नका. खालचे छोटे पाटे उतरवा, मुख्य पाटा आणि त्याखालचे दोन राहू द्या. उघड्या शाफ्टच्या गाडीत असं केलं तर ब्रेक मारताना आणि वेग उचलताना पाटा पिळतो. तुमच्याकडे ती पीळ ट्यूब घेते, पाट्याला फक्त आडवं धरायचंय. मग पॅनहार्डही नको. बलून थेट हौसिंगवर बसवलेत तर प्रत्येकी ४० पाउंडाच्या आसपास भागेल. पाइपाशी चार बोटं अंतर आणि मध्ये पत्रा.

कॉम्प्रेसरला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्या, डिकीत ठेवा, घरी चार्ज करा. फ्यूज आणि रिले लागेलच, २०-३० अँपिअर ओढतो तो. टाकीखाली पाणी काढायचा कॉक विसरू नका. जोडांवर साबणाचं पाणी लावून रात्रभर गाडी तशीच उभी ठेवा, सकाळी उंची मोजा.

जुनीशेड_सोलापूर

काका, पीळ ट्यूब घेते ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मेस्त्रींना वाचून दाखवलं, तेही गप्प झाले आणि पाना शोधायला लागले. रविवारी खालचे पाटे उतरवतो. एकच विचारायचं राहिलं. मूळच्या पाट्यांची मधली पिन आता लांब पडेल. ती लेथवर कमी करून घेऊ, की नवीनच घालू?